आवाज काढून घेतल्यावर

हॉटेलच्या मुतारीत उभा असताना सायलसला आपलाच श्वास ऐकू आला. आधी त्याला वाटलं, शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलंय. पण शेजारी कुणी नव्हतं. सात पांढरी भांडी रांगेने रिकामी होती आणि त्यांच्या तळाशी गवती चहाच्या वासाच्या निळ्या वड्या विरघळत होत्या. आवाज वरून येत होता, छतातल्या बारीक भोकांच्या जाळीतून. झऱ्याचं पाणी, कुठल्यातरी पक्ष्याची शीळ, आणि त्या सगळ्याच्या बुडाशी यिडाकी, पोकळ लाकडाची ती लांब पुंगी, जिला बाकीचं जग डिजरीडू म्हणतं. त्याने सवयीने कान मिटले. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या या डार्विन शहरात यिडाकी कुठे वाजत नाही? औषधाच्या दुकानात वाजते, विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशेजारी वाजते, फोनवर 'कृपया थांबा' म्हणून झालं की वाजते. पण या आवाजात मधूनमधून एक बारीक शिट्टी होती, गालांतली हवा बाहेर सोडता सोडता नाकाने आत ओढताना होणारी. चौदाव्या वर्षी फुटबॉल खेळताना सायलसचं नाक मोडलं होतं आणि ते कुणी नीट बसवलं नव्हतं. तशी शिट्टी दुसऱ्या कुणाच्या नाकातून येत नसे.

काम संपलं तरी तो तसाच उभा राहिला. ऐकता ऐकता गाणं ओळखू आलं. ओहोटीचं गाणं. मामाचं. पण मामा त्यात नव्हता, मामाच्या टिपऱ्याही नव्हत्या. यिडाकी मात्र अजून मामाच्या मागेच चालली होती. त्याला वाट द्यायला दबत होती, तो शब्द टाकून परत येईल म्हणून खालच्या सुरावर रेंगाळत होती, मग तो आल्यासारखी उसळत होती. आणि त्या सगळ्या जागांत पाणी खळखळत होतं. कुणीतरी माशाच्या पोटात बोट घालून आतडी ओढावीत तसा मामाचा गळा तिथून ओढून काढला होता आणि रिकाम्या पोटात नळाचं पाणी सोडलं होतं. सायलसच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की बरं झालं. मामाला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, आवाज ऐकायचा नाही ही त्यांच्यातली रीत. घरच्यांनी अजून त्याचं नाव तोंडात घेतलं नव्हतं, त्याचा आवाज कुणी कुठे लावत नव्हतं. आवाजच नाही म्हटल्यावर कुणाचं काही मोडलं नाही. हे सुटल्यासारखं वाटणं त्याच्या लक्षात आलं, आणि त्याच क्षणी मागच्या संडासात कुणीतरी पाणी सोडलं. त्याला उमासा आला. तो भिंतीला हात लावून वाकला. पोटात काहीच नव्हतं, नुसती आंबट लाळ आली.

बाहेर ब्रॉन्विन यादी घेऊन उभी होती. परिषदा भरवणं हा तिचा धंदा. नऊ वर्षं ती सायलसला न्याहारीच्या कार्यक्रमांना बोलावत होती, आणि तिच्याविषयी त्याला वाईट असं काही म्हणता आलं नसतं.

"ब्रॉन्विन, आतलं ते गाणं बंद करता येईल का?"

"कुठलं गाणं?"

तिने पुरुषांच्या दारातून निःसंकोच डोकं आत घातलं. "अरे वा, डिजरीडू! तू तर नव्हेस?"

"मीच."

"मग काय राव! अख्ख्या हॉटेलभर वाजतोयस आणि तोंड असं करून उभा आहेस?"

"त्यात माझा मामा गात होता. त्याला काढलंय."

"गाणं असलं की लोकांना मोकळं होता येत नसेल," ती म्हणाली आणि हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. "हे बघ, ते कुठूनतरी येतं, सिडनीहून की कुठून. इथे बटण नाही त्याला. आपण नंतर बोलू, चालेल? आत दोनशे दंतवैद्य अंडी खातायत."

दोनशे दंतवैद्य खरोखरच अंडी खात होते. पत्र्याच्या झाकणांखाली पिवळ्या लगद्यातून वाफ निघत होती आणि तळलेल्या डुकराच्या मांसाचा वास गालिच्यापर्यंत उतरला होता. सायलसने पहिल्यांदा कांगारूची उडी वाजवली. मग कूकाबरा पक्ष्याचं हसणं, मग डिंगो कुत्र्याचं भुंकणं. भुंकण्याला नेहमीच टाळ्या मिळतात, मिळाल्या. वीस वर्षं ओठ हेच करत आले होते आणि आता त्यांना विचारावंही लागत नव्हतं. तो वाजवत होता आणि आपल्या ओठांकडे लांबून बघत होता. ते त्याला कुठल्यातरी ओल्या, बिनकवचाच्या प्राण्यासारखे वाटत होते, जो नाणं टाकलं की हलतो. त्यानंतर वीस पिवळे प्लास्टिकचे पाइप वाटले गेले. "घोडा ओठ फडफडवतो तसं," सायलस म्हणाला. दातांचे तज्ज्ञ पादल्यासारखे आवाज काढून एकमेकांच्या खांद्यावर कोसळत हसले. पाइपांच्या टोकांतून लाळ ठिबकून गालिच्यावर गडद ठिपके पडले. मागच्या तुकडीचे पाइप जंतुनाशकाच्या बादलीत बुडत होते आणि पाण्यावर अंड्याचा एक पिवळा कण तरंगत होता. पांढऱ्या दाढीचा एक दंतवैद्य जवळ आला, लाल झालेलं तोंड पुसत म्हणाला, "गुरुजी, हे फार आध्यात्मिक आहे हो." सायलसने मान डोलावली. मान डोलावणंही ठरलेल्या कामातच येत होतं.

मामाने त्याला पहिले कित्येक महिने लाकूड हातात घेऊच दिलं नव्हतं. समुद्राकडे तोंड करून दोघं वाळूत बसायचे आणि मामा नुसती जीभ चालवायचा, दिथ्दू, दिथ्दू, दिर्ल. सायलसने तसंच म्हणायचं. "जिभेला बोलता आलं की मग लाकूड," मामा म्हणायचा. मग एके दिवशी त्याला रानात नेलं. मामा झाडांच्या बुंध्यांवर कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकत चालला होता, कान लावून ऐकत होता, वाळवीने आतून किती खाल्लंय ते. जे झाड पाडलं त्याच्या पोटातून मूठमूठ माती निघाली. साल सोलली, लाकूड पाण्यात ठेवलं, तोंडाशी मेण लावलं. पहिल्यांदा ओठ टेकले तेव्हा वाळवीच्या मातीची कडू चव लागली आणि ती दोन दिवस गेली नाही. पण त्या चवीची किळस आली नव्हती. मामा गायला लागला की सायलस मागून निघायचा, आणि पुढे गेला की मामा टिपरीने त्याच्या गुडघ्यावर टोला द्यायचा. "माझ्यापुढे पळू नकोस. मी पाण्यात पाय टाकतोय. तू खालची वाळू हो." सतराव्या वर्षापर्यंत तो वाळू झाला होता. आसपासच्या वस्त्यांतून मयताला, सुंतेला लोक दोघांना मिळून बोलवायचे, आणि दोघांची नावं एका दमात घ्यायचे.

मग चिंचेखाली तो बलांदा आला. गोऱ्या माणसाला तिकडे बलांदा म्हणतात. त्याच्याकडे आवाज पकडायची करड्या रंगाची पेटी होती. तो भला होता, आपला चहा आपणच करून प्यायचा. त्याने मामासमोर एकच माइक ठेवला होता. सायलस तेव्हा पंचविशीचा. कुणी त्याच्या कानात सांगितलं होतं की यिडाकीला आता परदेशात फार विचारतात. तोच म्हणाला होता, "माझा वेगळा पकडा की. गाण्यात माझं नीट ऐकू येत नाही." आज, गालिच्यावरचे ओले ठिपके चुकवत पाइप गोळा करताना, त्याला ते वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं, लाडिक आवाजासकट. बलांदाने दुसरा माइक काढून यिडाकीच्या तोंडाशी वाळूत ठेवला. मामाने एकदा माइककडे आणि एकदा भाच्याकडे बघितलं आणि टिपऱ्या उचलल्या. शाळा जास्त शिकलेला सायलस, म्हणून कागदावर सहीही त्याचीच. म्हणजे मामाचा गळा कापायची सुरी सिडनीत कुणी फिरवली असेल ती असेल, पण गळा आणि वाळू वेगळी ठेवून दिली होती ती सायलसनेच.

त्या ध्वनिफितीवर तो जगभर हिंडला. मामा वारला तेव्हा तो ऑस्ट्रियात होता, एका कुरणात, जिथे केसांच्या जटा केलेली साठेक माणसं अनवाणी बसून त्याच्याकडून श्वास शिकत होती. फोन आला. घरच्यांनी मयत ठेवलं, तीन आठवडे ठेवलं, भाचा येईल म्हणून. वाजवणारा भाचाच असायला हवा होता. सायलसने आधी सांगितलं, शिबिर संपलं की निघतो. मग सांगितलं, तिकीट मिळत नाही. तिकीट मिळत होतं. त्या कुरणात लोक त्याच्या पायाशी बसत होते आणि डोळे मिटून त्याचं ऐकत होते, कुणी गात नव्हतं, आणि त्याला ते आवडत होतं. इतकी साधी गोष्ट होती. शेवटी दुसऱ्या कुणीतरी वाजवलं. मामाचा मुलगा एझ्रा गायला. त्यानंतर एझ्रा सायलसशी एक शब्द बोलला नव्हता.

दुपारी तो मावशीकडे गेला. युनिस मावशी, आईची धाकटी बहीण, चार वर्षांपासून मूत्रपिंडाच्या आजाराने डार्विनमध्ये अडकली होती. आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्यायच्या, पाच तास खुर्चीत पडायचं, घरचा समुद्र सहाशे मैलांवर. तिच्या दंडावर फुगलेली शीर दोरखंडासारखी वर आली होती आणि तीतून लालभडक नळी यंत्रात जात होती. सायलस नेहमी त्या हाताच्या पलीकडच्या बाजूला बसायचा. आज जागा नव्हती म्हणून अलीकडे बसला आणि नळीतला लाल रंग हलताना बघत राहिला. काही ठरवलं नव्हतं, तरी त्याने तिला सगळं सांगून टाकलं.

"मुतारीत?" मावशी म्हणाली.

"हो."

"तू वाजतोस? लोक मुततात तेव्हा?"

ती हसायला लागली. आवाज न करता, पोट धरून, यंत्र टिंगटिंग करायला लागेपर्यंत. नर्स धावत आली, "मिस युनिस, हात हलवू नका हो," म्हणाली आणि नळी सारखी करून गेली.

"हसू नकोस मावशी. मामाला काढून टाकलंय त्यातून."

मावशीने डोळे पुसले. हसू गेलं होतं. "मग बरं झालं. तो तिथे नाही. तू आहेस."

सायलसने पलीकडे पाहिलं. पलीकडच्या खुर्चीतला म्हातारा तोंड उघडं टाकून झोपला होता.

"गुरुवारच्या विमानाने मी घरी चालले," मावशी म्हणाली.

"सुटीवर? पण तिकडे मशीन कुठे आहे?"

"नाहीये. म्हणूनच चाललेय. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, बास झाल्या सुया. ती रडली बिचारी. म्हटलं, तू कशाला रडतेस, रक्त माझं." तिने नळीकडे हनुवटीने दाखवलं. "दर वेळी हे धुऊन आत सोडतात ना, मला वाटतं दुसऱ्याचं उष्टं सोडतायत. एझ्रा गाणारेय. वाजवायला तू यायचं."

"त्याच्याकडे आहेत की वाजवणारे."

"आहेत. तुझ्याहून बरे वाजवतात, कुत्रीमांजरं न काढता. पण तू माझ्या बहिणीचा मुलगा आहेस."

"मावशी, तो माझ्याशी बोलत नाही."

"बोलायला कोण सांगतंय? त्याने गायचं, तू वाजवायचं. आणि मेल्यावर ये म्हणत नाहीये मी. तुझं मेल्यावर यायचं आम्ही बघितलंय. जिवंत आहे तोवर ये."

निघताना त्याने ब्रॉन्विनला फोन केला. शुक्रवारी जहाजाचे प्रवासी होते, शनिवारी कुठल्याशा विमा कंपनीचं संमेलन.

"अरे देवा! तुझ्याजागी दुसरं कोण मिळेल?"

"संडासात आहे की एक. तोच लाव," सायलस म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, निदान आता तरी हलकं वाटेल. वाटलं नाही. ज्या कामाने त्याला वीस वर्षं जेवू घातलं त्याच्या तोंडावर आपण थुंकलो, आणि थुंकण्यातही मिरवून घेतलं, एवढंच जाणवलं.

छोट्या विमानात मावशीला दोन बाकांवर आडवी केली होती. उतरल्यावर लाल धुळीच्या धावपट्टीच्या कडेला एझ्रा गाडी घेऊन उभा होता. जाडजूड झाला होता, दाढी पिकली होती, आणि मान वळवली तर थेट मामा. त्याने आत्याला लहान पोरीसारखी उचलून गाडीत ठेवली. सायलसकडे बघितलं नाही. समुद्राकाठी पानांचा मांडव घातला होता, त्यात गादी. बायका भोवती बसल्या होत्या. कुणीतरी निखाऱ्यात भाजलेला खेकडा मावशीच्या तोंडाशी धरला. तिला खायला बंदी होती त्या सगळ्या गोष्टी त्या दिवशी तिने खाल्ल्या.

तिसऱ्या प्रहरी एझ्रा गादीच्या पायथ्याशी बसला, टिपऱ्या हातात घेतल्या. सायलस त्याच्या उजव्या हाताला बसला, पाय पसरून यिडाकीचं तोंड वाळूत टेकवलं. एझ्राने सुरुवात केली, ओहोटीनेच. सायलसने ओठ टेकले आणि सूर धरला, आणि सूर चांगला होता, भरलेला. पण दुसऱ्याच कडव्यात काहीतरी बिनसायला लागलं. तो दबत होता तिथे एझ्रा दबत नव्हता. तो वाट देऊन थांबायचा आणि एझ्रा तोवर पुढे निघून गेलेला असायचा. सायलसला कळायला वेळ लागला. तो मामाच्या मागे चालला होता. मामा जिथे श्वास घ्यायचा तिथे तो वाट बघत होता, आणि समोर गाणारा जिवंत माणूस त्याला ऐकूच येत नव्हता. म्हणजे सिडनीतल्या माणसाने काही वेगळं केलं नव्हतं. या विचाराने त्याचं तोंड आंबट झालं, जीभ चुकली, आणि ती पडलेली जागा भरायला ओठांनी त्यांना येत होतं ते केलं. डिंगो भुंकला. स्वच्छ, खणखणीत, टाळ्या घेणारा.

टिपऱ्या थांबल्या. बायकांपैकी कुणीच वर बघेना. गादीवरून मावशीचा आवाज आला, बारीक, डोळे मिटलेले. "कुत्रं कुणी आणलं रे?"

कुणीतरी हुंदका दाबावा तसं हसू दाबलं. सायलसला वाटलं, वाळू उघडावी आणि आपल्याला लाकडासकट आत घ्यावं. एझ्राने टिपऱ्या मांडीवर ठेवल्या. समुद्राकडे बघत, सहा वर्षांनी पहिल्यांदाच बोलला.

"उद्या ये. तोंड धुऊन ये."

सायलस उठला आणि चालत थेट पाण्यात गेला. ओंजळीत खारं पाणी घेऊन चूळ भरली, थुंकला. परत भरली. वाळू घेऊन ओठांवर घासली, दातांवर घासली, जिभेवर घासली, रक्ताची चव येईपर्यंत. भरती येत होती आणि त्याने थुंकलेलं पुन्हा त्याच्याच पोटऱ्यांना येऊन लागत होतं. मांडवातून सगळे बघत असणार हे त्याला माहीत होतं. त्याला स्वतःची इतकी शिसारी आली होती की कुणी बघण्याने त्यात काही भर पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एझ्राने त्याला यिडाकी उचलू दिली नाही. "जिभेने म्हण," एवढंच म्हणाला. पंचेचाळीस वर्षांचा, सात देशांत शिष्य असलेला सायलस दिवसभर मरणाऱ्या मावशीच्या पायाशी बसून दिथ्दू, दिथ्दू म्हणत राहिला. लाकूड तोंडात नसल्यामुळे त्याला ऐकावं लागलं. एझ्राला दमा होता. त्याचा श्वास आखूड होता. मामा एका दमात ओहोटी पार पलीकडच्या खडकापर्यंत न्यायचा तिथे एझ्रा अर्ध्यात थांबायचा, हवा घ्यायचा आणि त्या थांबण्याला गाण्यातच बसवून टाकायचा. कुणाला कळू नये इतक्या सफाईने. हे त्याने एकट्याने जमवलं होतं, बापाच्या मयताच्या दिवसापासून, कुणीतरी दुसरं मागे वाजवत असताना. तिसऱ्या दिवशी लाकूड मिळालं. सायलसने मोठा, भरलेला सूर टाळला. अर्ध्यात थांबला, एझ्रा हवा घेईतो खाली नुसता गुरगुरत राहिला. एझ्राच्या भुवया जरा सैल झाल्या. मावशी झोपेतच "हं" म्हणाली, की तिला काही दुखलं, ते कळलं नाही.

तिला आता सूज चढत होती. तोंडाला अमोनियासारखा वास येत होता, श्वास घरघरत होता, आणि माश्या हाकलून हाकलून बायकांचे हात दमले होते. पाचव्या दिवशी गाणं चालू असतानाच घरघर थांबली. सायलसला ते आधी कळलं, कारण गेले तीन दिवस तो श्वासच ऐकत होता. बायकांनी हंबरडा फोडला. एक जण आपलं कपाळ दगडाने ठेचायला लागली, दुसरीने तिचा हात धरला. एझ्रा थांबला नाही. त्याचा आवाज फाटला, तरी शब्द चालू राहिले, आणि तो थांबेपर्यंत सायलसलाही थांबता येत नव्हतं. त्याचे ओठ सुजून फुटले होते, मेणात रक्त मिसळलं होतं. नाकातलं पाणी तोंडात येत होतं आणि तेच पुन्हा लाकडात जात होतं. सगळं बुळबुळीत, गलिच्छ आणि त्याचं स्वतःचं होतं. कडवं संपलं तेव्हा टिपऱ्या थांबल्या.

त्याला वाटलं, आपलं काम झालं. मावशीने जिवंत असेपर्यंत म्हटलं होतं. तिथून पुढचं बघायला एझ्राकडे त्याची माणसं होती. त्याने यिडाकी आडवी करून एझ्राच्या बाजूला ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागला.

"कुठे निघालास?" एझ्रा म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी दाढीत उतरत होतं आणि ते तो पुसत नव्हता.

"मला वाटलं..."

"बस खाली. अजून तिला पोचवायची आहे."

सायलस बसला. लाकूड उचललं. ओठ टेकवताना झोंबलं. एझ्राने श्वास घेतला, आखूड, दम्याचा. त्याच्यामागून सायलसने घेतला.